मंजीची पाऊणकी

माझा जन्म माणगावकडचा, म्हणजे मी भाताचा माणूस, पाण्याचा नव्हे, आणि हे आधीच सांगतो कारण पुढची सगळी चूक तिथूनच निघते. वडील शेतकरी. मी सातवी फायनल झालो, ट्रेनिंग केलं आणि तेविसाव्या वर्षी मुरुडच्या बाजूला खाडीकाठच्या शाळेत मास्तर म्हणून आलो. पटावर सदतीस मुलं, त्यांत मुली तीन, आणि खाडीपलीकडच्या कोळवाड्यातलं एकच मूल. आकडे माझ्या तोंडी बसलेले असतात, बायको म्हणते तुम्ही भाकरीसुद्धा मोजून खाता, आणि खातोच.

ट्रेनिंगला एक म्हातारे गुरुजी होते. ते म्हणायचे, पाटीवरचं पोरं थुंकी लावून पुसतात, त्यात त्यांचं डोकंही पुसलं जातं, म्हणून प्रत्येकाला एक वही द्या, मनात जे सुचेल ते रोज दोन ओळी लिहू द्या, तुम्ही वाचा, पण तपासू नका. मला ते फार पटलं. जुन्या कागदांच्या कोऱ्या पाठी शिवून मी थोरल्या अकरा मुलांना वह्या केल्या, नाव ठेवलं सुचवही. आणि काय सांगू तुम्हाला, पहिल्याच शनिवारी मी लाल शाई घेऊन त्या तपासायला बसलो. हाताला राहवेना. मुलं हुशार, महिनाभरात सगळ्यांना एकच सुचू लागलं, खरे बोलावे, गाय उपयुक्त पशू आहे.

एक मंजी तेवढी वेगळं लिहायची. पलीकडची, कोळ्याची, दहा वर्षांची. तिला पाऊणकी म्हणता येत नसे, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, एकाची पाऊण, दोनाचे दीड, तिनाचे सव्वादोन, की चौथ्याला अडलीच. वर उशिरा यायची. शाळा साडेदहाची. माझ्याकडे वडिलांचं घड्याळ होतं, मी उशिराची वेळ मिनिटासकट लिहीत असे. एकदा ती सव्वाला आली, परकर गुडघ्यापर्यंत ओला, मी म्हटलं, मंजे, ही काय खानावळ आहे जेवायच्या वेळी यायला, उद्यापासून येऊ नकोस. पोरं हसली. ती आली नाही. पंधरा दिवस आली नाही, मी नियमाप्रमाणे नाव कमी केलं.

त्या रविवारी महिन्याची बेरीज करत होतो आणि तिची वही शेजारी पडली होती. हजेरीत माझ्याच अक्षरात होतं, एकादशीला अकरा, द्वादशीला पावणेबारा, त्रयोदशीला साडेबारा, चतुर्दशीला सव्वा. आणि तिच्या वहीत होतं, तिथीची पाऊणकी केली की भरती कधी ते कळतं, त्यात पावणेतीन तास मिळवले की खाडी उतरते आणि मी येते. खाली माझा लाल शेरा, उशिराचे निमित्त, आधी पाऊणकी पाठ करा.

मी हिशेब करून पाहिला. अकराची पाऊणकी सव्वाआठ, त्यात पावणेतीन, अकरा. चारही दिवस जुळले. मी आकड्यांचा माणूस, आकडे मीच लिहिलेले, आणि मला दिसलं नाही हो. पाढा तिला पाठ नव्हता, पण कळला होता, आणि मला पाठ होता एवढंच.

पुढची चतुर्दशी आली तशी शाळा वर्गातल्या थोरल्या मुलाकडे सोपवून मी साडेदहाला खाडीवर गेलो. पाणी काठोकाठ. बसून राहिलो. सव्वा वाजता धोतर खोचून उतरलो, पलीकडे मंजीची आय बोंबील वाळत घालत होती. ती म्हणाली, काय मास्तर, आज तुमाला उशीर झाला? मी खाली बघितलं. म्हटलं, पोरीला पाठवा, चूक माझी. ती म्हणाली, तुमीच नको बोल्लात, आता कामाला लागलीय ती, पोरगी काय उडत येल? म्हटलं, पाणी उतरेल तेव्हा येऊ दे, तेवढा वेळ मी संध्याकाळी बसेन. मंजी आईच्या पाठीमागून म्हणाली, माजी वही द्याल? लाल न करता?

दिली. ती चौथी पास झाली. संध्याकाळी बसण्यावरून इन्स्पेक्टर साहेब बोलले, शाळेची वेळ चंद्र ठरवतो की सरकार, मी म्हटलं साहेब, खाडीची चंद्र ठरवतो. शेरा बसायचा तो बसला.

तेव्हापासून मीही एक सुचवही ठेवतो, आज वर्गात काय चुकलं ते लिहितो, आता नववी वही चालू आहे. आम्हा मास्तरांची महिन्याला बैठक असते, तिथे माझ्या वहीत उतरवून घेतलेलं मंजीचं पान लाल शेऱ्यासकट वाचून दाखवतो. पहिल्यांदा एक जण म्हणाला, कोळणीच्या पोरीकडून शिकला वाटतं? म्हटलं, हो, तुम्ही कोणाकडून शिकलात? आता आणखी चार जण वही आणतात.

परवा मंजी आली होती, लग्न होऊन वाड्यातच दिलेली, सहा वर्षांची मुलगी हाताशी. तिने ते पान वाचलं, हसली, म्हणाली, मास्तर, आता खाडीवर साकवाचा पूल झालाय, ही काय उशिरा येनार न्हाय. मी पटावर नाव घातलं आणि म्हटलं, आली तरी हरकत नाही बाई, का आली ते तेवढं लिहू दे. पोर लिहिती राहो, मला दुसरं काही मागायचं नाही.