तीन हाका

बाई: नको, खुर्ची नको. तुम्ही फक्त तो एक शब्द खोडा, मी निघते.

संपादक: अहो ताई, पुस्तक काय पेन्सिलीने लिहिलंय? आधी बसा. कुठला शब्द?

बाई: ही तुमची जुनी आवृत्ती. पान दोनशे सात. दहा हजार मीटर, प्राथमिक फेरी, दुसरा गट. खालून तिसरं नाव. पुढे काय छापलंय बघा.

संपादक: 'गैरहजर'. हे तुमचे...

बाई: मिस्टर. गेल्या महिन्यात गेले.

संपादक: अरेरे. आजारी होते?

बाई: कसले आजारी! आदल्या दिवशी जिन्यावरून सिलिंडर वर आणला. हृदयच थांबलं. फोनवर तुमच्याकडची मुलगी म्हणाली, स्पर्धांना पन्नास वर्षं होतायत, इतिहास नव्याने छापताय. म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

संपादक: छापतोय खरं. पहिल्या वर्षी नऊ देश होते, मैदान एकच. सकाळी धावायचं, दुपारी त्याच गवतावर कुस्त्या. पोहण्याच्या शर्यती नदीत! प्रवाहाबरोबर पोहून केलेला विक्रम धरायचा की नाही, यावर पंच अडीच तास भांडले होते.

बाई: मला नदीचं काय करायचंय? यांच्या वर्षाचं बोला.

संपादक: पाचवी खेप ती. एकोणचाळीस देश. खेळाडूंसाठी अख्खं गाव वसवलं होतं. उद्घाटन झालं आणि दुसऱ्याच दिवशी सरकारांचं बिनसलं. चौदा देशांनी संघ मागे घेतले. विमान येईपर्यंत पोरांना खोल्यांत बसवून ठेवलं.

बाई: मग 'संघ मागे घेतला' असं लिहा ना! गैरहजर म्हणजे काय? झोपून राहिला, असंच वाटणार वाचणाऱ्याला. आमच्या मुलाने शाळेत ऐटीत सांगितलं, माझे बाबा तिथे धावायला गेले होते. त्याच्या वर्गाच्या बाईंनी ग्रंथालयातून हे पुस्तक मागवलं आणि वर्गासमोर हे पान उघडलं. घरी येऊन विचारतो, "बाबा, तुम्ही घाबरलात का?"

संपादक: काय म्हणाले ते?

बाई: ताटावरून उठले.

संपादक: निकालपत्रावर शेरे तीनच असतात, ताई. पूर्ण, अर्धवट, गैरहजर. नावाने तीन हाका मारायच्या. ओ आली नाही तर तिसरा शेरा. त्या वर्षीचे असे चारशे अठरा आहेत. समितीपुढे मी दोनदा विषय काढला. म्हणाले, चौदाही सरकारांची पत्रं आणा, मग बघू.

बाई: म्हणजे होणार नाही.

संपादक: माझ्या हयातीत तरी नाही.

बाई: मग एवढा जाडजूड इतिहास लिहिता तरी कशाला?

संपादक: खरंय तुमचं.

बाई: चला, येते. माझंच खूळ. मुलगा मोठा झाल्यावर हे सांगायला लागले, की मी गेलो होतो. खोलीतून निसटलो, बूट घालून पुकारण्याच्या तंबूपर्यंत गेलो, कनातीमागे उभा राहिलो. ओ दिली असती तर अख्ख्या संघाला भोगायला लागलं असतं, म्हणून तोंड मिटून घेतलं. खरं की मनाचं समाधान, देव जाणे. मी आपली हो म्हणायचे.

संपादक: बूट कसले होते?

बाई: खिळ्यांचे. उसने आणलेले. एक नाडी पांढरी, एक तपकिरी. तपकिरी माझ्या बुटाची, नुकतंच लग्न ठरलं होतं आमचं. का हो?

(संपादक चष्मा काढून टेबलावर ठेवतात.)

संपादक: कनात जमिनीला टेकत नव्हती, ताई. वीतभर फट होती. पलीकडे ते बूट दिसत होते.

बाई: तुम्हाला काय ठाऊक?

संपादक: हाका मारायला मीच होतो. हा शेरा माझ्या हातचा आहे. नाव वाचताच ओळखलं, पण ते बूट यांचेच होते का, हे चौतीस वर्षांत कधी कळलं नव्हतं. कनात उचलायला हवी होती. मी नवा होतो, मुख्य पंच शेजारी घड्याळ धरून उभे. नाही उचलली. चुकलो मी.

बाई: मग मला एक सांगा. आमचे हे ती गोष्ट सांगायचे तेव्हा नेहमी म्हणायचे, मला चार हाका मारल्या. मुलगा हसायचा. म्हणायचा, बाबा, नियमात तीनच असतात, तुमची थाप इथेच उघडी पडते. शेवटी शेवटी हेसुद्धा तीनच म्हणायला लागले.

संपादक: चार होत्या. चौथी मी हळू मारली, मुख्य पंचांना ऐकू जाऊ नये म्हणून.

बाई: यांना ऐकू गेली होती.