मुंडू सोडलं तेव्हा

कॅन्सरच्या गाठीनं मणक्यातली नस दाबली आणि वर्कीच्या पायांतला जोरच गेला. त्रिशूरच्या फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर तो चाकाच्या खुर्चीत तोंड पाडून बसला होता. शेजारी त्याच दुखण्यातून उठू लागलेले वेलायुधन, कमरेला मुंडू म्हणजे केरळी लुंगी, पुढ्यात वॉकर, बायकोची बोलणी खात होते.

“वॉकर सोडायचा असतो होय?”

“अगं, डॉक्टरीणबाई समोर आल्या. त्यांच्यापुढे मुंडू गुडघ्यावर दुमडलेलंच ठेवू? मान नको द्यायला? सोडलं खाली.”

“दोन्ही हातांनी!”

“मग एका हातानं सुटतं का ते?”

“पडला असतात म्हणजे?”

“पण पडलो का?”

“...नाही.”

वर्की आपल्या बायकोकडे वळला.

“सोसम्मे, उद्या हा पायजमा नको. माझं मुंडू आण.”