पत्र्यावरची बांगडी

चांगली चालती जीप मी का विकली, हे तुमी नेहमी विचारता, तर ऐका. तवा मी पाथरी ते पेडगाव सवाऱ्या न्यायचो. रस्त्यातल्या दगडांनी इंजिनखालचा पत्रा पार चेपला होता, म्हणून परभणीत एका वेल्डरचाचाकडं जाड पत्रा बसवायला गेलो.

चाचांनी भरदुपारी जीपखाली निजून जुना पत्रा सोडवला. पत्र्यावर वाळलेल्या चिखलाचा थर होता आन् त्यात काचेची हिरवी बांगडी. अख्खी.

मी म्हणलं, "चिखलासंगं खालून आली आसंल."

"खालून कशी येईल? खाली पत्रा हाय," चाचा म्हणले. "आन् इंजिन उतरवल्याबिगर वरून हात जात न्हाई."

नवा पत्रा बसवला, पण चाचा जीपखाली पुन्हा निजले ते बांगडी मी खिशात घातल्यावरच.

जीप मी पाथरीतल्या एका वयस्कर शेतकऱ्याकडून घेतली होती. त्यांना आमी आण्णा म्हणायचो. तसाच त्यांच्याकडं गेलो आन् बांगडी त्यांच्या हातावर ठेवली. कुठं घावली तेवढं सांगितलं.

कुणाची, कशी, कायबी विचारलं न्हाई त्यांनी. बांगडीवरचा चिखल धोतराला पुसला. मग हळूच म्हणले, "एकच घावली का?"