टेकणनानांचं उत्तर अजून यायचंय

"विचारलंस ना, मग थांब."

मी नऊ वर्षांची असताना टेकणनाना मला हे म्हणाले होते. मंडळी, लिहून आणलेला कागद हातात आहे, पण इथे उभी राहिल्यापासून हे एकच वाक्य ओठांवर येतंय. तेव्हा तिथूनच सुरुवात करते. बोलणं जड जातंय. आवाज चढला तर सांभाळून घ्या. मी इथे रडायला आले होते. पहिल्या रांगेत, डोंगर तोडणाऱ्या प्रकल्पाच्या साहेबांना पुष्पचक्र घेऊन बसलेलं पाहिलं आणि रडू आटलं.

तुम्ही सगळे आलात. गावातले आलात, खारघरच्या टॉवरमधले आलात, सकाळी डोंगरावर फिरायला येणारे आलात. टॉवरमधल्या बऱ्याच जणांनी नानांना लांबूनच पाहिलं असेल, म्हणून सांगते. नाना कातळी. कातळी म्हणजे या डोंगराच्या दगडातूनच घडलेले जीव. हात, पाय, तोंड आपल्यासारखं, पण सगळं काळ्या दगडाचं. दवावर आणि उन्हावर जगणारे. चालतात, पण सावकाश. बोलतात, पण त्याहून सावकाश. आगरी, कोळी, कातळी असं आमच्याकडे एका दमात म्हणायचे. नाना सांगायचे, "आधी आम्ही विस्तव होतो. वाहत वर आलो, निवलो, आणि निवता निवता शहाणे झालो."

त्यांच्यात बारसं नसतं. जो ज्याच्या कामाला येतो, त्यावरून त्याचं नाव पडतं. माझी आई डोक्यावर पाटी घेऊन डोंगरापलीकडे मासळी विकायला जायची. चढ संपतो तिथे नाना उभे असायचे. बायका त्यांच्या खांद्यावर पाट्या टेकवायच्या, पाणी प्यायच्या, सासवांना मनसोक्त शिव्या घालायच्या आणि पुढे जायच्या. म्हणून ते टेकण. आई अजूनही 'टेकन' म्हणते. ती बघा, दाराजवळ बसली आहे. पुढे ये म्हटलं तर म्हणाली, "मना त्याच्या जवल बसूं दे." नाना बाहेर आवारात आहेत ना, ताडपत्रीखाली.

तर मी नऊ वर्षांची. त्या दिवशी कुणीतरी नानांच्या पाठीवर चुन्याने जाहिरात रंगवली होती. मूळव्याधीवर खात्रीशीर उपाय. मोठ्या अक्षरांत, खाली बाण काढून. मी फ्रॉकच्या टोकाने ती पुसत होते आणि पुसता पुसता विचारलं, "नाना, माणसं चांगली असतात का?"

नाना गप्प. मी पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. मी रडकुंडीला आले. आई म्हणाली, "अगो बाय, दम धर जरा. तू इचारलंय नं त्याला?" आणि मग नाना म्हणाले, "विचारलंस ना, मग थांब."

कातळींची ही रीत आहे. प्रश्न जेवढा मोठा, तेवढा वेळ घ्यायचा. झटकन उत्तर देणं म्हणजे विचारणाऱ्याचा अपमान. तुझा प्रश्न मी हातात धरून पाहिलाही नाही, असं त्याला सांगणं. त्यांच्यात मुलाने मुलीला लग्नाचं विचारलं की दोन पावसाळे सहज जातात. लगेच हो म्हणाली तर मुलाची आई डोळ्याला पदर लावते. आमच्या गावात बांधावरून भांडण झालं की कातळीला साक्षीला बोलवायचे. साक्ष यायला महिना लागायचा. तोवर भांडणारेच एकमेकांच्या घरी जेवून आलेले असायचे.

अशा जमातीचं आपण काय केलं? विचारते मी. काय केलं?

जो उभा सापडला त्याला शेंदूर फासला आणि देव केला. देवाला कुणी काही विचारत नाही, त्याच्याकडे नुसतं मागतात. शेंदूर लागला की त्याचं तोंड कायमचं बंद. जो बसलेला सापडला त्याला फोडून दळायची जाती केली, पाटे केले. आमच्या स्वयंपाकघरातला पाटा कुणाची तरी पाठ होती. आई त्यावर वाटण वाटण्याआधी हात जोडायची. लहानपणी मला वाटायचं ही भक्ती आहे. ती माफी होती. मग सुरुंग आले. शहर उभं राहायचं होतं, शहराला खडी लागते. तुमच्या इमारतींच्या पायात कोण आहे, खाडीच्या भरावात कोण आहे, आपण आता बसलोय या हॉलच्या जोत्यात कोण आहे, कुणी विचारलं? आम्ही शाळेत उत्तर द्यायला अडखळलो की बाई म्हणायच्या, "कातळी आहेस का गं?" वर्ग हसायचा. मीही हसायचे.

आणि सुनावणी. ती इथेच झाली, याच हॉलमध्ये, याच लाल खुर्च्यांवर. डोंगराची पूर्वेकडची बाजू तोडायची होती. नाना आणि त्यांची माणसं पहाटेपासून चालत आली होती आणि उघड्या दारांबाहेर, आवारात उभी होती. हे साहेब तेव्हा नव्हते, यांच्या आधीचे होते. त्यांनी माईक हातात घेऊन विचारलं, "कुणाची काही हरकत?"

एवढा मोठा प्रश्न. सगळा डोंगर त्या प्रश्नात. सगळ्या कातळींनी माना खाली घातल्या, कारण असा प्रश्न विचारणाऱ्याचा मान ठेवायचा असतो. साहेबांनी घड्याळात पाहिलं. शेजारच्याला म्हणाले, "चला, हरकत नाही. जेवण सांगितलंय ना?"

मी ओरडले, "साहेब, थांबा, ते विचार करतायत."

ते म्हणाले, "मॅडम, इमोशनल होऊ नका. प्रोसिजर फॉलो केली आहे. सगळ्यांना संधी दिली."

कातळींना वाटलं, माणसं गेली ती उत्तरासाठी वेळ देऊन गेली. त्यांनी उलट साहेबांचं कौतुक केलं. पायरी, नानांची बहीण, मला म्हणाली, "मोठा माणूस दिसतो. घाई केली नाही." मंडळी, यांचा एवढाच गुन्हा. समोरचाही आपल्यासारखाच थांबतो, असं त्यांना वाटलं.

पावसाळा संपल्यावर नाना उत्तर घेऊन आले. डोंगर उतरून, सर्व्हिस रोडने, सगळ्या ट्रकवाल्यांच्या शिव्या खात. हॉलला कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, "चाचा, आज बंद है. शादी का बुकिंग है क्या?" नाना आवारात उभे राहिले आणि म्हणाले, "हरकत आहे." नीट, स्पष्ट म्हणाले. वॉचमनने इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याला दुसरं काही सुचेना म्हणून त्याने नानांना नमस्कार केला. नानांचं उत्तर ऐकणारा तो एकटा. पूर्वेची बाजू तोवर उरली नव्हती.

त्यानंतर उरलेल्या कातळींना खाडीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. भरावावर. कातळीच्या पायाखाली खडक लागतो, हे आमच्या गावातलं शेंबडं पोर सांगेल. भराव म्हणजे गाळ आणि डेब्रिज, पाडकामाचा राडारोडा. नाना तिथे रोज थोडे कलायचे. शेजारी पाइलिंग चालू होतं, जमिनीत खांब ठोकत होते. प्रत्येक दणक्याला घोट्यात फट पडायची, पुढच्या दणक्याला ती वर सरकायची. कुणाला बोलावणार होतो? कुठल्या डॉक्टरकडे असतो या दुखण्याला उपाय? आम्ही अर्ज केले, फोन केले, पाया पडलो. "बघतो," म्हणाले. गेल्या आठवड्यात, भर दुपारी, फट खांद्यापर्यंत आली. त्याच खांद्यापर्यंत. आईने तिथे हात ठेवला आणि म्हणाली, "टेकन, आता तू टेक." आणि ते गेले.

अजून आम्ही उठलोही नव्हतो, तोवर लोडर आला. सुपरवायझर म्हणाला, "ताई, बाजूला व्हा, डेब्रिज उचलायचंय."

आई लोडरसमोर मांडी घालून बसली. गावातल्या बायका तिच्यामागे बसल्या. म्हणून नाना आज बाहेर ताडपत्रीखाली आहेत, खडीच्या क्रशरमध्ये नाहीत. सुपरवायझरला मी दोष देत नाही. त्याला जो शब्द शिकवला तो त्याने वापरला. तो शब्द ज्यांनी शिकवला ते पुष्पचक्र घेऊन आले आहेत.

कातळी गेला की त्याला डोंगरावर न्यायचं असतं, खडकाला खडक लावून ठेवायचा असतो. आता फक्त पश्चिमेचा उतार उरलाय. नानांना तिथेच ठेवायचं आहे. आणि साहेब, नाना गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही शेडमध्ये गेलात. पायरी भावाजवळ बसली होती. तुम्ही तिला विचारलंत, "हा उतार सोडायला तुमची तयारी आहे ना?" ती गप्प राहिली. तुम्ही मान डोलावलीत आणि निघालात. सोमवारी तिथे सुरुंग लागणार आहेत.

ती विचार करतेय, साहेब. आत्ताही करतेय. हॉलची फरशी तिचं वजन पेलणार नाही म्हणून ती दाराबाहेर बसली आहे, एक हात भावावर ठेवून. तुम्ही आत येताना तिला वळसा घालून आलात. तिने तुमच्याकडे पाहिलं, ते तुम्ही पाहिलंत का? भावाच्या मरणातही ती तुमच्या प्रश्नाचा मान ठेवतेय.

माझा प्रश्न मी चाळिशी पार केली तरी तसाच होता. माणसं चांगली असतात का? मध्ये मी शिकले, नोकरीला लागले, लग्न झालं, मुलगी झाली. नानांना भेटले की विचारायचे, "काय, ठरलं का?" ते नुसते बघायचे. मला वाटायचं विसरले. शेवटच्या दुपारी मी कानाशी जाऊन विचारलं. ते म्हणाले, "अजून बघतोय."

पाठीवर जाहिरात रंगवलेला, घर सुरुंगाने उडवलेला, गाळात उभा केलेला हा जीव शेवटच्या श्वासापर्यंत 'नाही' म्हणाला नाही. तो आपल्याला वेळ देत होता. मला या गोष्टीचा जेवढा राग येतो तेवढा कशाचाच येत नाही. त्यांनी एकदा तरी आपल्याला शिवी द्यायला हवी होती.

आता कार्यक्रमपत्रिकेत दोन मिनिटं स्तब्धता आहे. दोन मिनिटं. कातळीला. मी ती मागत नाही.

माझी मागणी वेगळी आहे. साहेब, ते घड्याळ काढा आणि टेबलावर ठेवा. पायरीचं उत्तर येईपर्यंत बसा. तुम्ही सगळे बसा. उत्तर येईपर्यंत उतारावर एकही भोक पाडू नका. ती हो म्हणाली तर मीही गप्प बसेन. किती वेळ लागेल, मला माहीत नाही.

तुम्ही ऐकणार नाही, हेही माहीत आहे. पाचला इथे हळद आहे, डीजेवाले बाहेर येऊन उभे आहेत. साहेबांचा ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. कुणाची गाडी चुकेल, कुणाचं मूल क्लासमधून सुटेल. एकेक जण उठाल, माझ्याकडे न बघता उठाल, आणि पायरीला वळसा घालून जाल.

तरी विचारते. बसाल का?

विचारलं आहे. आता मी थांबते.