टॅपेट कव्हरची खालची बाजू

तुम्ही कधी गाडीच्या इंजिनात स्वतःचं तोंड पाहिलंय का हो? नाही ना? मग बघूही नका. मी पाहिलं. नाकाच्या शेंड्यावर काळा ठिपका, भुवयांत ॲल्युमिनियमची पूड, आणि डोळे असे, जसे काही मीच त्या इंजिनातून नुकती बाहेर आलेय... आणि हे ध्यान दिसावं म्हणून मी स्वतःच्या हातांनी खपले होते! अहो, लोक आरसा विकत आणतात. दुकानात मिळतो. खिळा ठोकला की भिंतीला लागतो. आम्ही मात्र तो इंजिनातून काढला.

आता गाडी कुठली म्हणाल, तर सासऱ्यांची. सासरे गेले, गाडी राहिली. माझ्या लग्नाआधीपासून ती या घरात आहे, म्हणजे मानानं माझ्याहून थोरलीच. चालते कमी, उभी जास्त. पण आमचे हे रिटायर झाले ना, तेव्हापासून रोज सकाळी चहाचा कप आणि पेपर घेऊन त्या गाडीत जाऊन बसतात. सुरू नाही करत हं! नुसते बसतात, काच खाली करून. कुठं निघालात विचारलं तर म्हणतात, आलोच. अहो, गेलातच कुठं? पण मी एका शब्दानं बोलत नाही. कशाला बोलू? रिटायर झाले तेव्हा सुरुवातीला ते घरातच बसायचे, माझ्या ओट्यापाशी. गॅस बारीक कर, हा डबा त्या फळीवर का नाही, झाकण ठेवलं असतंस तर लवकर शिजलं असतं... अठ्ठावीस वर्षं ज्या माणसानं झाकण कुठं ठेवतात हे पाहिलं नाही, त्याला एकदम झाकणांचा पुळका! मग एके दिवशी ते आपले आपण उठून गाडीत जाऊन बसले, आणि तुम्हाला सांगते, आमचा संसार पुन्हा रुळावर आला. तर ती गाडी म्हणजे नुसती गाडी नाही. तिच्यावर माझं घर उभं आहे.

आणि त्या गाडीवर डोळा कुणाचा? वन्संचा!

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. माणूस चांगला, पण स्वच्छतेच्या बाबतीत साक्षात परीक्षक. आमच्याकडे आल्या की पाणी प्यायच्या आधी पेला उलटा करून बुड बघतात. ताट घेतलं, उलटं. वाटी घेतली, उलटी. माझ्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझं पातेलं उलटं केलं होतं, आणि नुसतं "हं" म्हणाल्या होत्या. तो "हं" अजून माझ्या कानात आहे. तर मागच्या खेपेला त्यांनी गाडीच्या बॉनेटवरून बोट फिरवलं आणि ते काळं बोट दाखवलं कुणाला? मला! गाडी भावाची, पण धूळ मात्र भावजयीची.

आणि मागच्या आठवड्यात फोन आला. रविवारी येतेय म्हणाल्या, बाबांची गाडी बघेन, तुम्हाला नीट ठेवता येत नसेल तर सरळ घेऊन जाईन, माझ्याकडे शेड रिकामीच आहे. यांनी फोन ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. पेपर न घेता. पेपर न घेता हो! तेव्हा मला कळलं की प्रकरण हाताबाहेर चाललंय.

मग मी पदर खोचला. गाडी बाहेरून धुतली, पुसली, पण मनात म्हटलं, बाहेरून चमकवून वन्संना फसवणं शक्य नाही, त्या बॉनेट उघडणार म्हणजे उघडणारच. उघडून बघते तर आत सगळं काळं, तेलकट, करपलेल्या कढईसारखं. आणि त्याच दुपारी मला फोनवर तो व्हिडिओ दिसला. एक माणूस इंजिनाचं झाकण घेतो, हसतो, कागद फिरवतो, हसतो, फडकं फिरवतो, आणि लगेच त्यात त्याचे दात दिसतात. मला वाटलं, एवढंच ना? आपण जन्मभर भांडी घासली, हे तर एक झाकण!

आमच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याला टॅपेट कव्हर म्हणतात म्हणे, इंजिनाच्या डोक्यावरचं ॲल्युमिनियमचं झाकण. त्यानं ते सोडवून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, घासा वहिनी, मस्त चमकेल. मग मी पॉलिश पेपर आणायला गेले. दुकानदार विचारतो, घरी रंगकाम काढलंय का? म्हटलं नाही, इंजिन काढलंय. त्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या पिशवीकडे बघितलं, पिशवीत कोथिंबीर, आणि मग फार मायेनं म्हणाला, "साहेबांना पाठवलं असतं तरी चाललं असतं."

आता त्यातली गंमत ऐका. आधी चारशे नंबरच्या कागदानं घासायचं. त्यानं जुने ओरखडे जातात आणि नवे येतात. मग आठशेनं ते नवे ओरखडे घालवायचे, त्याचे आणखी नवे येतात. मग बाराशे, मग दोन हजार... आणि सगळं झाल्यावर उजेडात धरलं की काय दिसतं? चारशेचा एक ओरखडा! मधोमध! डुलक्या काढत बसलेला! म्हणजे परत पहिल्यापासून. अहो, माणसानं चूक शोधत बसलं की चूक सापडतेच, हे मला वन्संकडे बघून कळायला हवं होतं. पण म्हटलं, आणखी एकच हात.

आणि तो हात संपेना! बाथरूममध्ये बसून घासलं, तर तिथं कोळशाची वखार झाली. टॉवेल काळा, बादली काळी, साबण काळा. यांनी तोंड धुतलं आणि आत गेले होते त्याहून काळे होऊन बाहेर आले. मग मी बस्तान मागच्या पायरीवर हलवलं. ड्रिल मशीनला कापडी चाक लावलं, साबणासारखी पॉलिशची वडी असते ती त्याला लावली, आणि मशीन सुरू केलं मात्र... चाकानं झाकण माझ्या हातातून हिसकावलं आणि थेट कुंडीत फेकलं! कुंडी फुटली, झाकणाला पोचा नाही. यांनी गाडीतून डोकं काढून विचारलं, काही पडलं का? म्हटलं काही नाही, तुम्ही बसा. आणखी एकच हात राहिलाय.

मग काय सांगू, मला त्याचा नादच लागला. चमचा हातात घेतला की मला चमचा दिसेना, ओरखडे दिसायला लागले. दाराची कडी, नळाची तोटी, सगळीकडे ओरखडे! एकदा हे जेवायला बसले होते आणि वरच्या दिव्याचा उजेड त्यांच्या टकलावर पडला होता, तर माझ्या मनात आलं, इथं दोन हजार नंबरच पुरेल. सुरुवातीच्या कागदांची गरज नाही.

आणि शनिवारी झाकण झालं! तुम्हाला सांगते, चांदी झक मारेल! मी त्यात बघून कुंकू लावलं असतं, पण बोटंच इतकी काळी... आणि तेवढ्यात माझ्या मनात आलं, वरून झालं, पण खालून? वन्सं उलटं करून बघणार! त्यांनी आजवर कुठली वस्तू सरळ बघितलीय? मग मी झाकण उलटं केलं आणि खालची बाजू घासली. आतून घासली, कडा घासल्या, ती सगळीकडून फिरणारी सपाट पट्टी असते ना इंजिनाला टेकणारी, ती तर अशी घासली, अशी गुळगुळीत, गोलगोल केली की बोट फिरवलं तर लोण्यासारखं सरकेल. चाकावर धरून, वर आणखी एकच हात.

संध्याकाळी मेकॅनिक आला, त्यानं घाईघाईत बसवलं, रविवारी वन्सं हजर. बॅग खाली ठेवायच्या आधी म्हणाल्या, बॉनेट उघडा. यांनी उघडलं. वन्सं वाकल्या. कितीतरी वेळ वाकूनच राहिल्या. मग वन्संनी त्या झाकणात बघून हळूच कानामागची बट नीट केली. आणि म्हणाल्या, "बोल्ट तसेच गंजके ठेवलेत?"

पण आवाज मऊ होता हो! मला आवाज कळतो. मग म्हणाल्या, चला, एक चक्कर मारू. स्वतः चालवायला बसल्या, हे शेजारी, मी मागे. गल्लीच्या टोकापर्यंत गाडी अशी गेली जणू लग्नाला निघालीय. टोकाला वळली आणि बॉनेटमधून धूर. करपल्याचा वास. वन्संनी गाडी थांबवली, बॉनेट उघडलं, तर झाकणाच्या कडेनं तेल नुसतं ओघळतंय, खालच्या तापल्या पाइपवर पडतंय आणि धूर होतोय. आणि माझा आरसा? त्या तेलात आणखीनच चमकत होता, निर्लज्ज!

गाडी ढकलत दारात आणली, मेकॅनिक आला. झाकण काढलं, उलटं केलं आणि नुसता बघत राहिला. मग विचारलं, ही खालची कड कुणी घासली? ती सपाट असते, तिच्यावर पॅकिंग बसतं, कड अशी गोल केली तर तेल थांबणार कसं?

मग हे म्हणाले, "मी घासली."

अहो, काय सांगू तुम्हाला! अठ्ठावीस वर्षांत स्वतःच्या ताटातलं खरकटं न काढलेला माणूस, आणि माझ्यासाठी खोटं बोलला! मेकॅनिकनं त्यांच्या हातांकडे बघितलं. स्वच्छ, गोरे, पेपर वाचणारे हात. मग तिघांनीही माझ्या नखांकडे बघितलं. आता लपवायचं काय आणि कसं? मी म्हटलं, "वन्सं, मी घासली. तुम्ही सगळं उलटं करून बघता, म्हणून."

मला वाटलं, संपलं. गाडी गेली, आता उद्यापासून हे ओट्यापाशी. वन्संनी मेकॅनिकच्या हातातून झाकण घेतलं. उलटं केलं. त्या गोल कडेवरून बोट फिरवलं, बोट बघितलं. स्वच्छ. मग खाली बघत म्हणाल्या, "आई माझी भांडी अशीच उलटी करून बघायची. एकदाही चांगलं म्हणाली नाही." आणि झाकण माझ्या हातात देत, "तू मात्र छान घासलंयस गं."

आता तुम्हीच सांगा, उभ्या आयुष्यात नणंदेनं एकदा कौतुक केलं, आणि ते नेमकं त्या कामाचं, ज्यानं इंजिनाचं वाटोळं झालं! मी हसू का रडू?

मेकॅनिक म्हणाला, घाबरू नका, सपाट काचेवर कागद चिकटवा, त्यावर ही कड ठेवून हळूहळू फिरवा, पुन्हा सपाट होईल, पण दोन्ही हातांचा जोर सारखा हवा. माझे हात तर आठवडाभर घासून आखडले होते. तर वन्संनी बांगड्या वर सारल्या आणि माझ्यासमोर पायरीवर बसल्या. एका बाजूला मी, एका बाजूला त्या, मध्ये काच. दुपारभर फिरवत होतो. मी म्हणाले, झालं आता, वन्सं. त्या उजेडात धरून बघतात, डोळा बारीक करतात आणि म्हणतात, "थांब, आणखी एकच हात."

मग नवीन पॅकिंग टाकून कव्हर बसलं, गाडी सुरू झाली, तेलाचा एक थेंब नाही. मी सुटकेचा श्वास टाकला. बिचारी मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी सांगितलं की गाडी आहे तिथंच राहू दे, मेकॅनिककडून इंजिनाचे बाकीचे भाग सोडवून घेतले, आणि ते सगळे चमकेपर्यंत इथंच राहायचं म्हणून स्वतःचं परतीचं तिकीट रद्द केलं.