मास्तरिणीचं उत्तर

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब, तबेल्यातली सगळी मंडळी आणि चिखलाचे बूट दाराशी काढून आत आलेल्या विद्यार्थ्यांनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

आज आपली मास्तरीण निवृत्त होते आहे. घोडीला निरोप द्यायला सभागृह कशाला, असं कुणीतरी म्हणालं म्हणे. त्यांनी तिची बेरीज पाहिलेली नसावी. आमचे हे इथे घोडेस्वारी शिकवायचे तेव्हा दर वार्षिक कार्यक्रमात तिला गणित घालायचे आणि ती टापा मारून बरोबर उत्तर द्यायची. ह्यांना तिचा कोण अभिमान. मग आपल्या डॉक्टरसाहेबांनी, म्हणजे जनावरांच्या, गैरसमज नको, ह्यांना एकदा पडद्याआड उभं केलं, तर मास्तरीण टापा मारतच राहिली. उत्तर आलं की ह्यांचे खांदे नकळत सैल पडायचे आणि ते पाहून ती थांबायची. ह्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. मग एकदम हसले आणि म्हणाले, "अगं, ती मला वाचते. गणित त्याहून सोपं असतं." एवढा संसार करून मला तरी कुठे ते जमलं होतं?

पुढे ह्यांना झटका आला. वाचा गेली, चेहरा थिजला. आता ओळख उरलेली नाही, असं इस्पितळात सांगितलं. आमची दोन्ही मुलंही तेच म्हणाली. मी कशी मानणार? चाकाच्या खुर्चीत बसवून ह्यांना मास्तरिणीसमोर आणलं. मला पाहून तिने थांबू नये, म्हणून दाराआड गेले आणि तिथूनच विचारलं, "आपल्याला मुलं किती?"

एक टाप. दुसरी. आता थांब, मी मनात म्हटलं. मग तिसरी, चौथी. फटीतून पाहिलं, तर तिची नजर ह्यांच्या खांद्यांवर खिळलेली, कान पुढे, आणि टापा चालूच. ती चुकत नव्हती हो, वाट पाहत होती. शेवटी मीच जाऊन तिच्या पायावर हात ठेवला, "पुरे गं बाई" म्हटलं आणि तिच्या मानेत तोंड खुपसून रडले. सगळे मला समजावून थकले होते, तिचं मात्र मला पटलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत हे गेले.

आता ती डॉक्टरसाहेबांच्या कुरणात राहील. तिथे तिला कुणी गणित घालू नका, एवढीच विनंती. आपण ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. काही कमीजास्त बोलले असेन, बोलणं लांबलं असेल, तर पोटात घाला. पूर्वी मी बोलायला उभी राहिले की हे समोर बसून पुरे म्हणायचे. आता कुठे थांबायचं, ते मला कळत नाही.