तिळाचे डोळे

—नाही आबा, त्या खुर्चीवर नका बसू, तिच्यावर मैदा सांडलाय, धोतराला लागेल. इकडं या, बाजेवर. पाणी देऊ? नको? बरं. दवाखान्यातून सुटून आठवडा नाही झाला आणि एवढं चालत आलात, तर आता बोला. बोला म्हणजे, शिव्या द्या. मी सकाळपासून तयार होऊन राह्यलो. नाही देत? मग मीच सुरू करतो. आधी एक सांगतो, तुमच्या आरोहीनं काही केलेलं नाही. नातीवर रागवू नका. केलं ते या शंतनूनं — वासंतीबाईच्या शहाण्या पोरानं, ज्याले सहावीपासून बाहेरगावी ठेवलं, अहमदाबादेपर्यंत शिकवलं, ते कशासाठी? तर त्यानं अमडापुरात परत येऊन जित्या माणसाचे पिंड मांडावेत.

मले पिंड करायचे नव्हते हो! पिल्लं होती ती. चिमणीची पिल्लं. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की लेकरांच्या हातात दुकानातली रंगीत माती देऊ नका, घरीच करा — मैदा घ्या, मीठ घाला, तेलाचा हात, गरम पाणी, आणि मळा. मळलं. आईच्या परातीत मळलं, आईलाच बाजूला सारून. आई म्हणाली, चिमूटभर हळद टाक रे, बरं दिसते. मी म्हणालो, नाही! रंगानं मुलांचं लक्ष आकारावरून उडतं. असं म्हणालो मी, आबा, स्वतःच्या आईले, तिच्याच स्वयंपाकघरात. म्हणून पांढरे. मग डोळे कशाचे करायचे? मणी होते, टिकल्या होत्या — नाही, निसर्गातलं घ्या! डब्यातून तीळ काढले. काळेच काढले, पांढऱ्यावर पांढरे दिसणार कसे? पिल्लांना घरटं पाहिजे, म्हणून खाली गवत. प्लास्टिकचं ताट तर माझ्या रविवारच्या वर्गात चालतच नाही, म्हणून पत्रावळ. आणि वाळवायचं कुठं? मी आरोहीले सांगितलं, तुमच्या दक्षिणेच्या भिंतीवर ठेव, तिथं दिवसभर ऊन राहते. दक्षिणेच्या, आबा! दिशा पाहून सांगितली! एखादी तरी गोष्ट चुकायची ना माणसाची? तेवढंही जमलं नाही.

पुढचं मले रज्जाकभाईनं सांगितलं, टपरीवर, सगळ्यांसमोर. तुम्ही ओसरीत पडलेले, समोर भिंतीवर पत्रावळ, कावळा आला, त्यानं एक पिल्लू उचललं, आणि तुमच्या घरातून सरस्वतीआजी ओरडल्या ते पार बसस्टँडपर्यंत ऐकू गेलं. रज्जाकभाई म्हणतो, "मास्तर, लोकं हात जोडू जोडू थकतात, तरी कावळा शिवत नाही. तू तं माणूस जित्ता असतानाच उरकून टाकलं बे!" सगळे हसले. मीही हसलो, काऊन हसलो ते देवाले माहीत. काय? टाकलं? कावळ्यानं परत टाकलं? अहो, मग खारट लागलं असेल, वाटीभर मीठ असतं त्यात! मग तर चांगलंच झालं ना — तोंड लावून टाकून दिलं म्हणजे तुमची काहीतरी इच्छा बाकी आहे, अजून बरीच वर्षं — नाही, तसं नाही — पाहा, मी काय बोलून राह्यलो!

आजींनी आरोहीले इथं पाठवणार नाही म्हणून सांगितलं, ते त्यांचं बरोबर आहे. मी काही म्हणत नाही. एक पोर नाही आलं तर माझं काय अडतं? वर्गात पोरं पुष्कळ आहेत. म्हणजे, होती. उन्हाळ्यात होती. मग शाळा सुरू झाल्या, मग कोणाची शिकवणी, मग मायबाप शेतात सोयाबीन सोंगायला जाऊ लागले तशी उरलेली घरी लहान्याले सांभाळायला बसली — आता आरोहीच येते. एकटी. तरी मी मोठ्यानंच शिकवतो, रस्त्यानं जाणाऱ्याले वाटावं खोली भरलेली आहे. आमच्या बाबांना तसंच वाटतं. त्यांना तुम्ही सांगू नका — त्यांना मी कबूल केलंय, एकही पोर आलं नाही त्या दिवशी बंगलोरची नोकरी धरीन. म्हणून मी आरोहीले बिस्किटं देतो. हाव, लाच आहे ती. लाचेविरुद्ध भाषण केलं होतं मी कॉलेजात, टाळ्या पडल्या होत्या. आणि ती पोरगी मागच्या रविवारी काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, "दादा, बिस्किट नका देत जाऊ. तुम्ही एकटेच बसान म्हणून येतो मी." मी तिले शिकवून राह्यलो असं मले वाटत होतं.

आजही मळलं, हे पाटावर. ती येणार नाही हे माहीत असून मळलं. तुम्ही सांगाल तर उद्याच कुलूप लावतो, आजींची माफी मागतो, बॅग काही फार मोठी नाही माझी — आबा? उठलात? गोळे फेकायचे आहेत का? फेका. खरंच फेका, मी — हे काय करून राह्यले? गोळ्यावर अंगठा दाबता? ह्याच्यावरही?

थांबा. आई असंच करते. कणीक मळून झाली की गोळ्यावर बोटं उमटवते. लहानपणी मले वाटे हात पुसते. म्हणजे — गुळगुळीत ठेवला तर तो पिंड, आणि बोटं उमटली की घरातली कणीक? मग ह्या खळग्यात चोच बसवता येईल, आबा! खळगा पाडूनच सुरुवात करायची, मुलांना तर — काय? पिल्लाची चोच वाकडी झाली होती? तुम्ही तेवढं जवळून पाहिलं? आणि आजींचं काय? त्यांना तुम्ही सांगता? म्हणजे आरोही रविवारी — तुम्हीपण येता? तिच्यासंगं? बसायला, का करायला? नाही, मी आपलं विचारलं, कारण दोन जण झाले तर माती जास्त मळावी लागेल, आणि तीळ नको आता, मोहरी घेऊ, नाही तर मिरे, आणि पत्रावळीच्या ऐवजी —

काय म्हणता?

हाव. गप बसतो.